काळ्या मेंढ्याची वहिवाट

पॉडबोर्न गावात अमुक घर कुणाचं असं परक्याने विचारलं, तर त्याला आधी बाकावर बसवत, मग हातात सफरचंदाच्या दारूचा पेला देत आणि मग दुपार कलेपर्यंत बोलत. इतकं बोलूनही घर कुणाचं ते त्याला कळत नसे, कारण धड कुणाचंच नसे. नावाला सगळी घरं जमीनदाराची. पण जमीनदार लंडनला, आणि घरांत राहायचे गावकरी, बापामागून मुलगा, मुलामागून नातू. हे सगळं चालायचं वहिवाटीवर. वहिवाट म्हणजे बारा म्हाताऱ्या पंचांना जे आठवेल ते, आणि पंचांना बहुधा सोयीचंच आठवायचं.

ओढ्याकाठच्या रांगेतलं शेवटचं घर पॉटिंजर घराण्याचं. मूळ पॉटिंजरने ते पत्त्यांत जिंकलं, असं पॉटिंजर सांगत. सासऱ्याला दारू पाजून त्याचा अंगठा घेतला, असं बाकीचं गाव सांगे. त्याच्या नातवांत जुंपली तेव्हा एकाने घराच्या मधोमध भिंत घातली, दुसऱ्याने ती पाडली, आणि पाडता पाडता स्वतःच्या पायावर दगड पाडून घेऊन महिनाभर भावाच्याच हातचं जेवला. असं करत करत घर आलं ईनॉक पॉटिंजरकडे. ईनॉक धंद्याने चांभार आणि स्वभावाने आंबट. त्याने त्या घरासाठी एवढंच केलं की केझायाशी लग्न करून तिला तिथे आणलं.

केझाया आली तेव्हा घराच्या मागच्या भिंतीतली पावाची भट्टी मोडून पडली होती आणि तिच्यात कोंबडी बसत होती. तिने कोंबडी हाकलली, ओढ्यातली माती आणून भट्टी लिंपली, आणि वर्षभरात अख्खी रांग तिच्याकडे पाव भाजायला यायला लागली. भट्टी तिची, म्हणून प्रत्येक घाण्यामागे एक पाव तिचा. ईनॉकच्या बुटांना गिऱ्हाईक नसलं तरी चूल पेटायची ती या पावांवर. मूलबाळ झालं नाही. तो दोष कुणाचा हे ईनॉक मोठ्याने सांगायचा आणि केझाया पीठ मळत राहायची. एका सुगीच्या जेवणावळीत तो पिऊन गाडीवरून पडला आणि गेला. केझाया रडली, पण बेताने. भट्टीत पाव होते, ते जळले असते.

आता विधवेची वहिवाट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. पॉडबोर्नमध्ये नवरा मेला की घर बायकोकडे राही, ती जिवंत असेतो. मात्र अट अशी की तिने एकटं आणि निष्कलंक राहावं. तिने दुसरं लग्न केलं तर घर गेलं, कायमचं, त्यावर दाद नाही. तिचा पाय घसरला, तरीही घर गेलं. पण घसरलेल्या पायाला एक पळवाट होती. त्या बाईने काळ्या मेंढ्यावर उलटं बसून, त्याची शेपटी हातात धरून, जमीनदाराच्या कचेरीत भरल्या पंचांपुढे यायचं आणि आपलं पाप चार ओळींत म्हणून दाखवायचं. मग घर परत. म्हणजे लग्नाला क्षमा नाही, लफड्याला आहे. ही वहिवाट कुणी घालून दिली कोण जाणे. ज्याने घातली त्याच्या घरात तरुण विधवा भावजय होती, असं माझं मत आहे.

मेंढ्यावर बसलेली बाई हयात माणसांपैकी कुणी पाहिली नव्हती. ती गोष्ट नव्या नवऱ्या मुलींना घाबरवायला सांगत.

ईनॉक गेला त्या वर्षी छप्पर गळायला लागलं. ते शाकारायला केझायाने माणूस बोलावला, दोन खोऱ्यांपलीकडच्या लिडेट गावचा ओबेड स्टिकलंड. अंगाने मोठा, बोलण्यात कंजूष, बिनलग्नाचा. छप्पर शाकारायला त्याने अख्खा शरद ऋतू घेतला, आणि एवढा वेळ घेणारा माणूस एकतर आळशी असतो किंवा खालच्या स्वयंपाकघरात त्याचं लक्ष असतं. ओबेड आळशी नव्हता. छप्पर झालं, मग कोठीचं झालं, मग डुकराच्या खुराड्यालाही त्याने इतकं सुबक छप्पर घातलं की डुकराला आत जायला संकोच वाटावा. मग थंडी पडली, रस्ते बंद झाले आणि तो वरच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहिला. रस्ते पुढे उघडले. तो गेला नाही.

दरवर्षी कचेरी बसली की जमीनदाराचा कारभारी, मिस्टर पेनफोल्ड, चष्म्यावरून पाहत विचारी, “विधवा पॉटिंजर एकटी आणि निष्कलंक आहे?”

पंचांचा म्होरक्या एमॉस गॉलप, चाकं करणारा सुतार. तो उठून म्हणे, “आहे, साहेब. एक पोटभाडेकरू आहे. फार शांत भाडेकरू आहे.”

“किती वर्षं झाली त्याला?”

“भाडेकरूच तो, साहेब. राहणारच.”

बाराच्या बारा पंचांनी त्या सकाळी तिच्या भट्टीतला पाव खाल्लेला असे. कुणाला काही वावगं आठवत नसे.

आठवत होतं एकाला, ईनॉकचा पुतण्या सायलस याला. केझायानंतर घर त्याचं. सायलसची बायको दरवर्षी काकूच्या वाढदिवसाचं निमित्त करून येई आणि बोलता बोलता खिडक्यांना किती कापड लागेल याचा अंदाज घेऊन जाई. पण केझाया काही मरेना, उलट तिची तब्येत सुधारत चालली. तेव्हा सायलसने वेगळा रस्ता धरला. गुत्त्यात ओबेडशेजारी बसायचं, त्याला पेला पाजायचा आणि उसासा टाकायचा.

“ओबेडकाका, एक विचारू? तुम्ही काकूशी लग्न का करत नाही?”

“तिच्या मनात नसेल,” ओबेड म्हणाला.

“अहो, बाईमाणूस आपणहून बोलेल का? वाट बघत बघत केस पांढरे झाले बिचारीचे.”

इथे ओबेडची चूक सांगितली पाहिजे. लिडेटमध्ये विधवेने दुसरा नवरा केला तर तो खुशाल तिच्या घरात नांदे. जशी लिडेटची वहिवाट तशीच जगाची, असं तो धरून चालला होता, कारण आपल्या खोऱ्याची वहिवाट देवानेच घालून दिली आहे असं प्रत्येक खोऱ्याला वाटतं. इतक्या वर्षांत त्याला कुणी सांगितलं नाही, कारण हे ठाऊक नसलेला माणूस असू शकतो हेच गावाच्या डोक्यात आलं नाही. केझायाला वाटायचं, शहाणा आहे, माझं घर जाऊ नये म्हणून लग्नाचा विषय काढत नाही. त्याला वाटायचं, छपरावरच्या गड्याशी उघड नातं जोडायची तिला लाज वाटते. ती मनातल्या मनात त्याचे उपकार मानत होती आणि तो मनातल्या मनात झुरत होता. एका पलंगावर झोपणारी दोन माणसं इतकी गप्प राहू शकतात, हे ज्यांनी संसार केलेत त्यांना सांगायला नको.

पुढच्या रविवारी देवळात केझाया नेहमीच्या जागी बसली होती. पाद्री मिस्टर ट्विस्डन लग्नांच्या सूचना वाचायला उभे राहिले. तीन रविवार नावं पुकारायची, कुणाची हरकत नसेल तर चौथ्या आठवड्यात लग्न, असा रिवाज.

“केझाया पॉटिंजर, या गावची विधवा, आणि ओबेड स्टिकलंड, या गावचा अविवाहित. या विवाहाला कुणाची हरकत असल्यास त्याने आत्ताच सांगावं.”

केझायाच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक खाली पडलं. शेजारी ओबेड नव्या गळपट्ट्यात, लाल झालेला, समोर बघत बसला होता. मागच्या बाकावर सायलस आणि त्याची बायको डोळे मिटून प्रार्थना करत होती. त्या घराण्यात इतक्या मनापासून प्रार्थना कधी झाली नव्हती.

केझाया उभी राहिली. “माझी हरकत आहे.”

“तुमची?” पाद्री म्हणाले. “पण बाई, लग्न तुमचंच आहे.”

“म्हणून तर. दुसऱ्याच्या लग्नात मी कशाला तोंड घालू?”

देवळात हसू फुटलं. ओबेड उठला आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेला. ती त्याच्यामागे धावली नाही, कारण प्रवचन व्हायचं होतं आणि लोक बघत होते. पण त्या प्रवचनातला एक शब्द तिच्या कानात शिरला नाही.

तो कोठीत पेंढ्यावर बसलेला सापडला.

“सरळ सांगायचं होतंस,” तो म्हणाला. “नको म्हणून सांगायचं. देवळात उभं राहून कशाला?”

“अरे पण विचारलंस का मला? लग्न केलं तर घर जातं, ठाऊक नाही तुला?”

“कुणाचं घर?”

“माझं. विधवेने लग्न केलं की घर सायलसचं.”

ओबेड म्हणाला, “आमच्याकडे असं नाही.”

“तुमच्याकडे नसेल. तुमच्याकडची मेंढरंसुद्धा उलट्या तोंडाने चरतात. इथे आहे.”

“म्हणजे तुला माझी लाज वाटत नव्हती?”

इतकी वर्षं हा माणूस हे घेऊन झोपत होता. ती त्याच्या शेजारी पेंढ्यावर बसली आणि त्याला तोंड भरून शिव्या दिल्या. त्या ऐकून त्याला बरं वाटलं.

पण सायलसचं काम निम्मं झालं होतं. लग्न हुकलं तर हुकलं. ज्या पुरुषाने देवळात लग्न मागितलं तो नुसता भाडेकरू, हे आता एमॉस गॉलपलाही शपथेवर सांगता येईना. सायलसने कारभाऱ्याकडे तक्रार केली, विधवा पॉटिंजर निष्कलंक नाही. म्हणजे राहता राहिला मेंढा. आणि सायलस मूर्ख नव्हता. पंचक्रोशीत काळा मेंढा एकच, तो त्याने आदल्याच आठवड्यात विकत घेऊन कापला होता. म्हातारा मेंढा, मांस वहाणेसारखं. सायलसच्या घरचे दोन्ही वेळा तेच चावत होते आणि आजूबाजूचे शेजारी खिडकीतून त्यांचे जबडे बघून जात होते.

पाद्री ट्विस्डन समजूत घालायला आले. भला माणूस होता, फक्त त्याला स्वतःचं घर चर्चने दिलेलं होतं.

“केझायाबाई, घर काय, आज आहे उद्या नाही. आत्म्याचा विचार करा. लग्न करून मोकळ्या व्हा.”

“लग्न केलं तर उघड्यावर झोपू, पाद्रीसाहेब?”

“पण पाप...”

“पापाला वहिवाट सवलत देते, लग्नाला देत नाही. मी नाही केली ती. तुम्ही वरच्या लोकांत ऊठबस करता, तुम्ही विचारा त्यांना.”

पाद्रींनी चहा संपवला, जाताना एक पाव मागून घेतला, आणि पुन्हा त्या विषयावर आले नाहीत.

ओबेडने आपली शाकारायची कोयती आणि दोऱ्या बांधून ठेवल्या होत्या. “मी जातो लिडेटला. मी नसलो म्हणजे ते काय म्हणणार?”

“काय म्हणणार म्हणजे? मागच्या पापाचं विचारणार. ते काय तू बोचक्यात बांधून नेणार आहेस? सोड ती दोरी आणि भट्टीतली काजळी खरवड.”

“काजळी कशाला?”

“एमॉसचा पांढरा मेंढा उद्या आपल्याकडे येतोय.”

काजळी आणि बदकाची चरबी यांचं मलम करून त्या दोघांनी एमॉसचा मेंढा काळा केला. चोळताना मेंढा सुखावला आणि डोळे मिटून उभा राहिला. ओबेड मात्र तिच्याकडे पाठ करून चोळत राहिला. पुऱ्या गावासमोर तिची धिंड निघणार होती आणि कारण तो होता. ते त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

कचेरी गुत्त्याच्या मोठ्या खोलीत भरली होती. आजूबाजूच्या गावचे लोकही आले होते, आणि गुत्तेवाल्याने जास्तीचे बाक मांडले होते. केझायाने ठरवलं होतं की हसत जायचं, थट्टेवारी न्यायचं. पण दाराशी ओबेडने तिला उचलून मेंढ्यावर उलटं बसवलं, तिचे पाय जमिनीवर घासायला लागले, चरबी परकरातून मांडीला लागली, आणि तिने वर पाहिलं तर तिच्या भट्टीवर रोज येणाऱ्या बायका तोंडाला रुमाल लावून उभ्या होत्या. तेव्हा तिला लाज वाटली. खरोखरीची वाटली. मान वर होईना. पन्नाशीला टेकलेली बाई, मेंढ्याची शेपटी धरून, लोकांपुढे. घर गेलं तर गेलं, उतरावं आणि पळावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिला गर्दीत सायलसची बायको दिसली. ती पुन्हा खिडक्यांकडे बघत असल्यासारखी कुठेतरी वर बघत होती. केझायाने शेपटी घट्ट धरली आणि खड्या आवाजात म्हटलं:

“उलटी बसले काळ्या मेंढ्यावर,
जीव जडला परक्या गड्यावर,
लाज गेली, जाऊ द्या,
घर तेवढं राहू द्या.”

खोलीत जे हसू उसळलं त्याने मेंढा बिथरला. तो उलटंसुलटं न बघता सरळ कारभाऱ्याच्या टेबलाखाली घुसला, आणि बाहेर निघाला तो मिस्टर पेनफोल्डच्या पांढऱ्या मोज्यांना डावी-उजवीकडून अंग घासून. मोजे काळे झाले, मेंढ्याच्या एका बगलेला पांढरा पट्टा उमटला. केझाया अजून वरच होती.

सायलस पुढे आला. त्याने रुमालाने मेंढ्याच्या पाठीवर हात मारला आणि काळा रुमाल सगळ्यांना दाखवला. “साहेब, हा मेंढा पांढरा आहे. वहिवाटीत काळा लागतो.”

कारभाऱ्याने मोज्यांकडे पाहिलं, मग पंचांकडे. “मेंढ्याचा रंग कोणता, हे पंचांनी सांगावं.”

पंच बाजूला जाऊन कुजबुजले. फार वेळ लागला नाही. एमॉस गॉलप पुढे आला. मेंढा त्याचा होता, त्याच्याच हाताखाली वाढलेला, आणि अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं.

“साहेब, मेंढा दारातून आला तेव्हा काळा होता. हे आम्ही बाराही जणांनी पाहिलं. नंतर त्याला कुणी पुसलं, ते वहिवाटीत बसत नाही.”

“पण पुसल्यावर खालून पांढरा निघाला ना?” सायलस म्हणाला.

“तुला पुसलं तर खालून काय निघेल, ते बघायला आम्ही बसलेलो नाही,” एमॉस म्हणाला.

घर केझायाचंच राहिलं. पेनफोल्डसाहेबांनी तसं जाहीर केलं आणि मोजे बदलायला गेले.

त्यानंतर दर वर्षा-दोन वर्षांनी सायलस नव्याने तक्रार करी आणि केझाया नव्याने मेंढ्यावर बसे. लाज पहिल्या वेळी वाटायची तेवढी वाटून संपली होती. पुढे पुढे तर त्या दिवशी गुत्त्यासमोर मिठाईवाले बसू लागले. केझाया म्हणायची, वर्षा-दोन वर्षांतून एकदा तरी मला कुणी उचलून बसवतं. ओबेड तेवढा कधी हसला नाही. तो तिला बसवायचा, उतरवायचा, घरी आणून तिचे पाय कोमट पाण्याने धुवायचा. लग्नाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

मग तिचे पाय सुजायला लागले, आणि सूज वर चढत गेली. ती काय समजायचं ते समजली. एका सकाळी तिने ओबेडला सांगितलं, “पाद्रीला बोलाव. सूचना वाचायला सांग.”

“कसली?”

“लग्नाची. दुसरी कसली?”

ओबेड खाली बसला. “घर जाईल.”

“घर तसंही जाणार. मी गेले की दुसऱ्या सकाळी सायलस येईल आणि विचारेल, तू कोण. काय सांगशील? पोटभाडेकरू?”

त्याने तिच्या सुजलेल्या पायांवर पांघरूण ओढलं.

“भाडेकरूला मेलेल्या बाईपाशी बसू देत नाहीत, ओबेड. दाराबाहेर उभं करतात. घराने मला हवं ते सगळं दिलं. आता त्याच्यापायी तुला दाराबाहेर उभं करायचं नाही मला.”

पहिल्या रविवारी पाद्रींनी नावं वाचली आणि हरकत विचारली, तेव्हा अख्खं देऊळ मान वळवून तिच्या बाकाकडे बघायला लागलं. बाक रिकामा होता. दुसऱ्या रविवारीही रिकामा. तीन रविवार गाठेपर्यंत जगायचं, एवढंच काम तिने आता हाती घेतलं होतं, आणि काम अर्धवट टाकायची तिला सवय नव्हती. लग्नाच्या दिवशी एमॉसने तिला गवताच्या गाडीतून देवळात नेलं. हरकत आहे का, असं पाद्रींनी पुन्हा विचारलं. केझाया वधूच्या जागेवरून मागे वळली आणि सगळ्यांवर अशी नजर फिरवली की खोकणाऱ्यांनी खोकलाही गिळला.

गाडी परत आली तेव्हा दारात सायलस उभा होता, किल्ली हातात घेऊन. त्याला दोष देता येत नाही. वहिवाटीप्रमाणे घर तासाभरापूर्वीच त्याचं झालं होतं.

“काकू, घर आता माझं,” तो म्हणाला. पण जिंकल्यासारखा वाटत नव्हता.

“आहेच की. दोन दिवस पाहुणी म्हणून ठेवतोस का? जास्त राहणार नाही.”

सायलसच्या बायकोने त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे केझाया गेली. दिवस वर आल्यावर सायलस आला. ओबेड पलंगाशी खुर्चीवर बसला होता, तिचा हात हातात घेऊन. इतक्या वर्षांच्या सवयीने सायलसच्या तोंडून निघून गेलं, “तू कोण आता इथे?”

“तिचा नवरा,” ओबेड म्हणाला.

सायलसने टोपी काढली. घर त्याचं होतं, छप्पर त्याचं होतं, भट्टीसुद्धा त्याचीच. पण त्या खोलीत बसायला जागा आहे का, हे त्याला ओबेडला विचारावं लागलं.